काढून टाकलेला अलार्म

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय. वाचायचो आणि बायकोला सांगायचो - हा उंदीर असणार, हा वारा, याची झोप झालेली नाही आणि हा सरळ थापा मारतोय. माझं कामच तसं आहे. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचं वायरिंग बनतं, तिथे मी क्वालिटीला आहे. वायर चुकीची वागली तर त्याला कारण असतं, आणि ते सापडेपर्यंत आम्हाला घरी जाऊ देत नाहीत. त्यामुळे भूतबीत, संकेतबिंकेत यावर माझा विश्वास कधीच नव्हता. आता आहे का, हे मला सांगता येणार नाही. पण जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

आम्ही पुनावळ्यात राहतो, हायवेपासून आत, तिसऱ्या मजल्यावर. मी, प्राजक्ता आणि आमची लहान मुलगी. प्राजक्ता ताथवड्याच्या एका शाळेत शिकवते, सकाळची शाळा, दुपारी मुलीला घेऊन घरी येते. मी कंपनीच्या बसने जातो, म्हणून गाडी तिच्याकडेच असते. गाडी सेकंडहँड, साधं मॉडेल. त्या सुमारास आमच्या भागात गाड्यांच्या बॅटऱ्या चोरीला जात होत्या, म्हणून मी काळेवाडीतल्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानातून बाहेरचा अलार्म बसवून घेतला. दुकानदार बालाजी, मूळचा नांदेडकडचा. कामाला चांगला माणूस.

काही महिने काही त्रास नव्हता. मग उन्हाळ्यात तो दुपारचा वाजायला लागला.

आमचं पार्किंग बिल्डिंगच्या खालीच आहे, खांबांच्या मध्ये. आमच्या शेजारची जागा तात्यांची. तात्या म्हणजे मूळ पुनावळ्याचे. आज जिथे सोसायटी आहे तिथे त्यांचं वावर होतं, त्याच्या बदल्यात बिल्डरने फ्लॅट दिले. स्वतः पिंपरीत एका कारखान्यात फिटर होते, रिटायर झाले. बायको वारलेली. मुलगा विलास, त्याच्या बस कंपन्यांना लावलेल्या, सून हिंजवडीत नोकरीला. दिवसभर घरात तात्या एकटे. तर ते दुपारी खाली यायचे आणि स्वतःच्या जुन्या गाडीत जाऊन बसायचे. गाडी बंद पडलेली, टायर बसलेले, पण विकू द्यायचे नाहीत. काच खाली करून, स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसायचे.

"वर काय करू? भितीकडं बघत बसू?" असं म्हणायचे. "हितं येनारं-जानारं मानूस तरी दिसतंय."

अलार्म वाजला की प्राजक्ता रिमोट घेऊन खाली धावायची. माझी फर्स्ट शिफ्ट असली की चारच्या सुमारास मी घरी असायचो, तेव्हा मी जायचो. प्रत्येक वेळी तेच - गाडी बंद, दारं बंद, आसपास मांजरसुद्धा नाही आणि शेजारच्या गाडीत तात्या.

"तात्या, कोणी हात लावला का हो?"

"न्हाई बा. कुनी आलंच न्हाई. आपलं आपनच बोंबलतंय." मग लगेच, "बस की रे इंजिनेर. कुटं पळतुयास?"

मग मी पाच-दहा मिनिटं त्यांच्या शेजारच्या सीटवर बसायचो. पूर्वी इथे ज्वारी कशी व्हायची, कारखान्यात संप कसा झाला, असं काहीतरी सांगायचे. प्राजक्ता गेली तर तिलाही थांबवायचे. मुलीला खिशातून गोळी द्यायचे.

आता अलार्मचं. या सिस्टीममध्ये एक सोय असते. अलार्म बंद केला की डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकतो आणि किती वेळा लुकलुकला त्यावरून तो कशामुळे वाजला ते कळतं - गाडीला धक्का बसला, की दार उघडलं, की बॉनेट. माझी खात्री होती की धक्काच असणार. रस्त्यावरून टँकर जातात, खाली पाण्याचा पंप आहे. पण दिवा दर वेळी एकच सांगायचा... दार उघडलं. आणि दार बंद!

बालाजीने धक्क्याचा सेन्सर आधी कमी केला, मग काढूनच टाकला. तरी वाजला. दारांचे स्विच बदलले. तरी वाजला. मग मी एका रविवारी स्वतः बसून चारही दारांच्या वायर मेन युनिटपासून सोडवल्या. म्हणजे दार सताड उघडं ठेवलं तरी युनिटला कळायचं कारण नाही. दोनच दिवसांनी वाजला, आणि दिवा पुन्हा म्हणाला - दार उघडलं. बालाजीने युनिट नवीन घातलं. तेच. गाडी पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये, गेटजवळ, आठवडाभर लावून बघितली - एकदाही नाही. परत जागेवर आणली की सुरू.

"साहेब, मला तर काहीच कळंना गेलंय बघा," बालाजी म्हणाला. "जागा बदलून घ्या, नाहीतर काढून टाका."

शेवटी मी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे बसून सीसीटीव्ही बघितला. कॅमेरा आमच्या आणि तात्यांच्या गाडीवरच आहे. आवाज नाही, पण अलार्म वाजला की इंडिकेटर उघडझाप करतात, ते दिसतं. गाडीला कोणी हात लावलेला नव्हता. तात्या आपल्या गाडीत बसलेले, समोर बघत. मग ते मान वळवून आमच्या गाडीकडे बघतात. आणि मग इंडिकेटर लागतात.

मी ते परत मागे नेऊन बघितलं. दुसऱ्या दिवसाचं बघितलं. तिसऱ्या. सगळीकडे तेच... आधी मान वळते, जरा वेळ तशीच राहते, अलार्म नंतर. सेक्रेटरी म्हणाले, "कॅमेरा मागेपुढे दाखवत असेल, चायनीज माल आहे." मीही तसंच धरलं. दुसरं काय धरणार?

तात्यांना सहज विचारलं, "तात्या, अलार्म वाजायच्या आधीच तुम्ही आमच्या गाडीकडे बघता, कसं काय?"

ते हसले. "आरं, वाजल्यावर बगनारच की." आणि विषय बदलला.

तोवर सोसायटीत कुरकुर वाढली होती. आमच्याकडे अर्धे लोक शिफ्टवाले, नाइट करून आलेला माणूस दुपारी झोपणार. ग्रुपवर मेसेज यायला लागले. एका बाळाच्या आईने प्राजक्ताला लिफ्टमध्ये चार शब्द सुनावले. मग मी बालाजीकडून सगळंच उपटून घेतलं - युनिट, सायरन, वायरी. ते सगळं एका पिशवीत भरून त्याने दुकानातच ठेवून घेतलं. गाडीत आता साधं किल्लीचं लॉक, बस्स.

शांतता झाली. आणि खरं सांगायचं तर त्यानंतर आमचं दुपारचं खाली जाणंही संपलं. मुद्दाम नाही... काम नसेल तर कोण उतरतं? प्राजक्ता गाडी लावताना तात्यांना हात करायची, मुलगी झोपलेली असायची खांद्यावर, की सरळ लिफ्ट. एकदा मला ते गेटजवळ भेटले. म्हणाले, "इंजिनेर, तुजी गाडी मुकी केलीस व्हय रं?" मी हसलो. तेही हसले. तब्येत उतरलेली वाटली मला, पण उन्हाचं असेल म्हणून सोडून दिलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी कंपनीत ऑडिट होतं. कस्टमरची माणसं लाइनवर, मी त्यांच्याबरोबर. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. प्राजक्ताचा फोन आला. कापला. परत आला.

"अहो, अलार्म वाजतोय."

"कोणाचा?"

"कोणाचा काय, आपला!"

"प्राजक्ता, आपला अलार्म काळेवाडीला पिशवीत पडलाय. दुसऱ्या कोणाचा तरी असेल."

"मला आपला आवाज ओळखता येत नाही का? थांबतच नाहीये हो... थांबा, खिडकीत येते."

आणि मी तो ऐकला. फोनमधून, लाइनवर उभा राहून. बाहेरच्या अलार्मच्या सायरनमध्ये पाच-सहा वेगवेगळे आवाज एकामागून एक येतात, तुम्ही ऐकले असतील. आमच्या सायरनचा शेवटचा आवाज जरा फाटका यायचा, घसा बसल्यासारखा. तोच होता. मी म्हटलं, "खाली जा. फोन चालू ठेव."

मुलगी झोपली होती. समोरच्या काकूंना दारात बसवून ती जिन्याने उतरली. तिची चप्पल ऐकू येत होती आणि अलार्म जवळ जवळ येत होता. मग एकदम बंद. प्राजक्ता म्हणाली, "बंद झाला... अहो, गाडी तर..." आणि पुढचं वाक्य तिने पूर्ण केलंच नाही. मोठ्याने ओरडली, "तात्या!"

तात्या स्टिअरिंगवर कपाळ टेकून होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, श्वास चालू. वॉचमन आला, आणखी दोघं आले, आमच्याच गाडीच्या मागच्या सीटवर त्यांना झोपवलं आणि प्राजक्ताने थेरगावच्या हॉस्पिटलपर्यंत गाडी चालवली. विलासदादा तिथेच पोचले. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव आहे, खूप मोठा. आणलंत तेव्हा जीव होता एवढंच.

मी ऑडिट टाकून निघालो. हॉस्पिटलच्या बाकावर प्राजक्ता हात मांडीखाली दाबून बसली होती. म्हणाली, "वॉचमन विचारतो, कसला अलार्म मॅडम? तो गेटवरच होता. समोरच्या काकूंनीही नाही ऐकला. मीच धावत आले म्हणे दारात, वेड्यासारखी."

"मी ऐकला," मी म्हटलं. ती रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तात्यांना थोडी शुद्ध आली. विलासदादा म्हणाले, "तुमचं नाव घेतायत. इंजिनेर, इंजिनेर करतायत. जाऊन या आत." आम्ही दोघं गेलो. नळ्या लावलेल्या, उजवी बाजू गेलेली. मला बघून डोळे जरा हलले. मी वाकलो.

जिभेला वळण नव्हतं, पण शब्द कळत होते.

"वाजला न्हवं?" ते म्हणाले.

"काय तात्या?"

"ह्या बारीला... लई जोर लावाय लागला."

मी प्राजक्ताकडे बघितलं. तिनेही ऐकलं होतं. मी विचारलं, "तात्या, कसा वाजवायचा तुम्ही? कसा?" ते माझ्याकडे बघत होते, सांगायचं नाही असं नव्हतं, पण मला वाटतं त्यांनाही ते सांगता आलं नसतं. मग डाव्या हाताने त्यांनी प्राजक्ताचं बोट धरलं आणि म्हणाले, "बस की जरा." सिस्टरने पाच मिनिटांत बाहेर काढलं आम्हाला.

पहाटे गेले.

मी सीसीटीव्ही नंतर बघितला. एकट्यानेच. तात्या गाडीत बसलेले दिसतात, एकदा कपाळ पुसतात, मग मान आमच्या गाडीकडे वळते आणि या वेळी तशीच राहते, खूप वेळ. इंडिकेटर लागत नाहीत. लागणार कसे? मग मान हळूहळू खाली जाते आणि थोड्या वेळाने प्राजक्ता पळत येताना दिसते, कानाला फोन.

बालाजीकडेही जाऊन आलो. पिशवी त्याच्या माळ्यावर, तशीच गाठ मारलेली. सायरनला बॅटरीसुद्धा जोडलेली नव्हती. त्याला मी काही सांगितलं नाही.

फोनवर माझ्या कानांनी ऐकलेल्या आवाजाला माझ्याकडे काही कारण नाही. आवाज सोसायटीत झालाच नसेल तर तो चाकणला माझ्यापर्यंत आला कुठून? दोघांना एकाच वेळी भास होतो का, आणि तोही पंचवीस किलोमीटरवर? कोणाला माहीत असेल तर जरूर सांगा, मी खरंच ऐकायला तयार आहे. पण त्याहून जास्त मला ते आधीचे सगळे दिवस छळतात. तेव्हा तात्यांना काय झालेलं होतं? काहीच नाही. आम्ही खाली यायचो, ते म्हणायचे, बस की रे.

दहाव्याला विलासदादा भेटले. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. प्राजक्ताला म्हणाले, "वहिनी, एक विचारू? तुम्ही नेमक्या त्याच वेळी खाली कशा काय आलात?"

प्राजक्ता म्हणाली, "कपडे वाळत घातले होते, एक टॉवेल खाली पडला... तो घ्यायला आले होते."

"बरं झालं पडला," ते म्हणाले. "नाहीतर बाप एकटाच गेला असता माझा."

आम्ही चपला घातल्या आणि निघालो.