अ‍ॅव्रो, थॉमस आणि शिंगाडेची उडी

माझं पोस्टिंग पालमला निघालं तेव्हा मी सार्जंट होतो. वायुसेनेत माणसाला सहसा घरापासून लांब टाकतात. मला उलट घरी पाठवलं. वडील एका मंत्रालयात हेड क्लार्क, मूळचे भंडाऱ्याचे, आणि आमचं क्वार्टर सरोजिनी नगरात. मी तिथेच वाढलो. आईला फोनवर बातमी सांगितली, तर तिने विचारलं, "म्हणजे रोज घरी जेवायला येणार?"

"बिल्कुल नाही. जमलं तर रविवारी येईन."

"मग दिल्लीला कशाला पाठवतायत?" ती म्हणाली.

माझं काम लोडमास्टरचं. विमानात कोणता माल कुठे ठेवायचा, तो हवेत सरकणार नाही असा कसा बांधायचा, हे तो पाहतो. मागचं दार हवेत उघडायची वेळ आली की तिथे तोच उभा असतो. वैमानिकाला मागचं काहीच दिसत नाही. हेडफोनवरून मी सांगेन तेवढंच त्याला कळतं.

विमान अ‍ॅव्रो. दुसरं महायुद्ध संपल्यावर, जुनी डकोटा विमानं थकत चालली तेव्हा, इंग्रजांनी त्यांच्या जागी हे आखलं. भारताने त्याचा परवाना घेतला आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून ते कानपूरला बनू लागलं. मुळात ते प्रवासी विमान. नेतेमंडळी, अधिकारी यांना नेण्यासाठी ठीक. पुढे आपल्या लोकांनी कानपूरलाच त्याची मालवाहू आवृत्ती तयार केली. मागच्या बाजूला डावीकडे मोठं दार बसवलं, तळ मजबूत केला. त्या दारातून माल चढायचा आणि जवान उड्याही मारायचे.

तरुण मंडळी त्याला हसायची. पोट अरुंद, पंख खालच्या बाजूला, त्यामुळे ट्रक जवळ लावताना जपावं लागायचं. इंजिनं मात्र डार्ट नावाची. त्यांची शीळ इतकी तीक्ष्ण, की मैदानाच्या पलीकडच्या टोकाला उभा माणूसही न बघता सांगायचा, अ‍ॅव्रो सुरू झालं. मी कधी हसलो नाही. मोठ्या विमानांना जागा पुरत नाही अशा धावपट्ट्यांवर मी त्यातून औषधं, जनरेटर, एकदा तर गाभण म्हशीसुद्धा नेल्या होत्या. ते कधी तक्रार करत नसे.

त्या वर्षी वायुसेना दिनाच्या परेडआधीच्या सरावासाठी आमचं एक विमान हिंडनला गेलं. गाझियाबादजवळचा तळ, पालमहून मोटारीने दिल्ली ओलांडून जायचं. परेडच्या दिवशी पॅराट्रूपर मैदानात उतरणार होते. विमानाचे कॅप्टन स्क्वाड्रन लीडर मेहरोत्रा होते. कमी बोलायचे. चूक झाली तर ओरडायचे नाहीत, नुसते बघायचे. त्यापेक्षा ओरडलेलं परवडायचं. मागे माझ्याबरोबर जंपमास्टर वॉरंट ऑफिसर थॉमस आणि त्यांचा मदतनीस एक कॉर्पोरल. थॉमस केरळचे. जवानांना दारातून सोडण्याची जबाबदारी त्यांची. प्रत्येकाच्या पॅराशूटची पट्टी ते स्वतः ओढून बघत, दुसऱ्याने बघितलेली असली तरी.

जवानांत एक मराठी निघाला. नाईक दत्ता शिंगाडे, माण तालुक्यातला. माझ्या छातीवरचं नाव वाचून त्याने विचारलं, "गजभिये साहेब, तुम्ही नागपूरकडचे?"

"घर भंडाऱ्याचं. मी दिल्लीचा."

"दिल्लीत मराठी माणसं असतात व्हय?"

"भरपूर. सरोजिनी नगरात ये एकदा, आई जेवू घालेल."

"चालतंय," तो म्हणाला. पण त्याची नजर दाराकडे होती. पॅराट्रूपर कितीही उड्या मारलेला असो, दार उघडं दिसलं की तो गप्प होतो.

सकाळी हवा स्वच्छ होती. आम्ही वर गेलो, दार उघडलं. उडी कशी असते ते सांगतो, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. विमानाच्या छताला लागून एक पोलादी तार असते. जवानाच्या पाठीवरच्या पॅराशूटपासून निघालेली एक लांब पट्टी त्या तारेला अडकवतात. जवान बाहेर पडला की पट्टी ताणते, पॅराशूट खेचून उघडते आणि सुटते. माणूस खाली जातो, पट्टी विमानात राहते. छातीवर आणखी एक राखीव पॅराशूट असतं. ते मात्र जवानाने स्वतःच्या हाताने उघडायचं.

हिरवा दिवा लागला. थॉमस एकेकाच्या खांद्यावर थाप मारत गेले. गो. गो. गो. शिंगाडे सर्वांत शेवटी होता. तो दारात आला आणि नेमकं त्याच क्षणी विमान हवेच्या खळग्यात खाली आदळलं. तो तिरपा बाहेर गेला. पट्टी त्याच्या बगलेखालून छातीला गुंडाळली गेली. त्याचं हेल्मेट विमानाच्या अंगावर आपटल्याचा आवाज मी इंजिनांच्या आवाजातही ऐकला. पॅराशूट उघडलं नाही. तो पट्टीच्या टोकाला, शेपटीच्या खाली, फिरत लटकत राहिला.

"कॅप्टन, लोडमास्टर. मॅन हंग अप. लास्ट जंपर," मी म्हणालो.

मग मेहरोत्रा म्हणाले, "रॉजर. होल्डिंग लेव्हल. इज ही कॉन्शस?"

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा होता. नियम असा, की लटकलेला जवान शुद्धीवर असेल तर त्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवायचे. मग आम्ही पट्टी कापतो, तो खाली जातो आणि राखीव पॅराशूट उघडतो. थॉमस दारात पालथे झोपून बघत होते. ते बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे वळून त्यांनी मान हलवली.

"नो हँड्स, सर," मी सांगितलं. "बेशुद्ध आहे."

म्हणजे पट्टी कापता येत नव्हती. कापली तर तो दगडासारखा खाली जाणार. त्याला लटकवून विमान उतरवता येत नव्हतं. एकच रस्ता उरला. त्याला आत ओढायचं.

मेहरोत्रांनी विमान वस्तीपासून दूर, लोणी गावाच्या पलीकडे शेतांवर नेलं आणि वेग कमी केला. आम्ही हातविंच, म्हणजे हाताने फिरवून पट्टी ओढायचं यंत्र, लावली. मी आणि कॉर्पोरल ती फिरवत होतो, थॉमस दारातून हाताने खुणा करत होते. पट्टी इंचाइंचाने आत येत होती. दाराच्या कडेवर ती घासू नये म्हणून थॉमसनी स्वतःचं जाकीट काढून खाली घातलं. शिंगाडे दारापर्यंत आला. मग विंच अडली. त्याच्या पाठीवरचं पॅराशूट दाराच्या उंबऱ्याखाली अडकलं होतं. अजून जोर लावला असता तर पट्टी तुटली असती.

थॉमसनी स्वतःच्या कमरेला सेफ्टी पट्टा बांधला. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाले, "पैर पकड़ो. छोड़ना मत."

मी त्यांच्या पायांवर बसलो आणि दोन्ही घोटे हातांत धरले. ते कमरेपर्यंत विमानाच्या बाहेर गेले. वारा इतका, की त्यांचा हात पुढे गेला की मागे फेकला जायचा. डाव्या इंजिनाच्या पंख्याचा झोत सरळ दारावर येत होता. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा बोटं शिंगाडेच्या खांद्याच्या पट्ट्याला लागली आणि सुटली. मला शिंगाडेचा चेहरा दिसत होता. नाकातून रक्त येऊन वाऱ्याने कानाकडे पसरलं होतं.

"सर, हाताला येत नाहीये. हवा बहुत है. डाव्या बाजूची हवा कमी झाली पाहिजे." मी हे मराठीत बोललो की हिंदीत, आता आठवत नाही. दोन्हीत असेल.

मेहरोत्रा म्हणाले, "गजभिये, सुनो. मी डाव्या इंजिनाचा जोर कमी करतोय. नाक डावीकडे जाईल. तुमची बाजू आडोशाला येईल. विमान थरथरेल. जास्त वेळ नाही देऊ शकणार. तैयार?"

मी थॉमसच्या पोटरीवर मूठ मारली. हीच खूण ठरली होती.

"रेडी, सर."

डाव्या डार्टची शीळ उतरत गेली. मालाने भरलेलं असो वा रिकामं, एवढ्या कमी वेगात, पंखांचे फ्लॅप खाली सोडून, एकाच इंजिनाच्या जोरावर विमान तिरकं उडवणं हे कुठल्याही पुस्तकात कोणी सुचवणार नाही. अ‍ॅव्रो थरथरायला लागलं. पायाखालचा पत्रा थडथडत होता. पण ते पडलं नाही. तिरकं, खेकड्यासारखं, ते पुढे जात राहिलं आणि दारातला वारा एकदम अर्धा झाला. फडफडणारं सगळं शांत झालं. पहिल्यांदाच मला थॉमसचा श्वास ऐकू आला.

ते आणखी पुढे सरकले. आता त्यांचे फक्त गुडघ्यांखालचे पाय आत होते. मी पूर्ण वजन टाकलं. त्यांनी एका हाताने शिंगाडेचं पॅराशूट उंबऱ्याखालून सोडवलं आणि दुसऱ्या हाताने त्याच्या छातीवरचा पट्टा धरला.

"पुल," ते म्हणाले. ओरडले नाहीत.

कॉर्पोरलने थॉमसचा कमरपट्टा ओढला, मी पाय ओढले. थॉमस आत आले आणि त्यांच्या हातात शिंगाडे. चौघंही एकमेकांवर पडलो. मी दार लावलं आणि मग बोललो.

"कॅप्टन, लोडमास्टर. मॅन इनबोर्ड. डोअर क्लोज्ड."

"से अगेन?"

"मॅन इनबोर्ड, सर. श्वास चालू आहे."

डावं इंजिन पुन्हा वर आलं. ती शीळ ऐकून मला जेवढं बरं वाटलं तेवढं नंतर क्वचितच वाटलं.

हिंडन दिसू लागलं तेव्हा शिंगाडेने डोळे उघडले. थॉमस त्याच्या नाकाला गॉझ धरून बसले होते. तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळू म्हणाला, "साहेब, उडी झाली का?"

"नाही झाली. तू परत आलास."

त्याने विचार केला. "मग मोजणार नाहीत व्हय?"

थॉमसनी मला विचारलं, काय म्हणतोय. मी सांगितलं. त्या सकाळी ते पहिल्यांदा हसले. "इसको बोलो, आधी गिनेंगे." म्हणजे अर्धी मोजू.

खाली ॲम्ब्युलन्स उभी होती. खांद्याचं हाड सरकलं होतं, डोक्याला मार होता, पण गंभीर काही नाही. मेहरोत्रा कॉकपिटमधून उतरले. त्यांनी स्ट्रेचरजवळ जाऊन शिंगाडेच्या बुटाला हात लावला, मग विमानाला एक पूर्ण फेरी मारली. डाव्या इंजिनाखाली थांबले. मी जवळ गेलो तर म्हणाले, "गुड एअरोप्लेन." एवढंच. आम्ही चहा प्यायला गेलो. मी ग्लास एका घोटात संपवून खाली ठेवला. थॉमसनी त्यांच्या ग्लासातला अर्धा चहा त्यात ओतला.

त्या वर्षीच्या परेडला शिंगाडे प्रेक्षकांत होता, हात गळ्यात बांधलेला. पुढच्या वर्षी तो विमानात होता. तेच विमान, कॅप्टन मेहरोत्रा, दारात थॉमस. थॉमसनी त्याला रांगेत सर्वांत पुढे उभं केलं. हिरवा दिवा लागला आणि शिंगाडे सरळ, पाय जुळवून बाहेर पडला. मी दारातून खाली पाहिलं. त्याचं पॅराशूट उघडलं आणि मैदानावर टाळ्या वाजत असतील असं मला वाटलं. वर काही ऐकू येत नाही. थॉमसनी माझ्याकडे बघून एक बोट वर केलं. एक पूर्ण.

त्या रविवारी शिंगाडे सरोजिनी नगरात जेवायला आला. आईने वरणफळं केली होती. त्याने तिला काही सांगितलं नाही, मीही नाही. तिला ते पुष्कळ वर्षांनी कळलं.

आता अ‍ॅव्रो निवृत्त होत आहेत. त्यांच्या जागी नवं विमान आलं आहे. मागून अख्खं पोट उघडणारं, पंख वर असणारं. मी गाझियाबादच्या वसुंधरा वसाहतीत राहतो, हिंडनवरून उडणारी विमानं गच्चीतून दिसतात. चांगलं विमान आहे. पुढच्या लोडमास्टरांची कंबर वाचेल. मेहरोत्रा साहेब नोएडात आहेत, दिवाळीला फोन करतात, अजूनही कमीच बोलतात.

थॉमस नाहीत. त्या परेडनंतर काही वर्षांनी, उत्तरेकडच्या डोंगरांत बर्फात अडकलेल्या चौक्यांना रसद टाकायला एक विमान गेलं. माल बाहेर ढकलायला माणसं कमी पडत होती, म्हणून थॉमस स्वतःहून गेले. रसद चौक्यांना मिळाली. परतताना ढग खाली आले आणि विमान तळावर पोहोचलं नाही. चौकीतल्या जवानांनी तो हिवाळा त्याच रसदीवर काढला.

इंडिया गेटजवळच्या युद्धस्मारकावर त्यांचं नाव आहे. गेल्या हिवाळ्यात शिंगाडे साताऱ्याहून आला. तो सुभेदार होऊन निवृत्त झालाय, नातवंडं आहेत. थॉमसची मुलगी दिल्लीतल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. तिलाही बोलावलं. वडील गेले तेव्हा ती लहान होती. आम्ही तिघं त्या भिंतीसमोर उभे राहिलो. शिंगाडेने तिला सगळं सांगितलं, त्याच्या हिंदीत. तिने शेवटी मला विचारलं, "अंकल, वो डरे नहीं?"

खोटं बोलावंसं वाटलं नाही.

"त्यांचे पाय थरथरत होते," मी म्हणालो. "मी धरले होते, म्हणून मला माहीत आहे. आणि तसेच ते आणखी पुढे सरकले."

ती नावाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "घर पे छिपकली से डरते थे. मम्मी भगाती थी."

आम्ही तिघंही हसलो, जरा मोठ्यानेच. पहाऱ्यावरच्या जवानाने वळून पाहिलं, शिंगाडेच्या कोटावरची पदकं पाहिली आणि पुन्हा समोर बघू लागला. नाव वरच्या ओळीत आहे. शिंगाडेने टाचा उंचावून त्याला हात लावला, मग मी, मग तिने. नंतर शिंगाडेने सॅल्यूट केला आणि बराच वेळ हात खाली घेतला नाही.