गोटीरामभाऊंचं अ‍ॅडजस्ट

आमच्या जुईनगरच्या सोसायटीचे सेक्रेटरी गोटीरामभाऊ यांना इंग्रजीचा एकच शब्द पुरतो. पाणी आलं नाही, ‘अ‍ॅडजस्ट करा’. लिफ्ट बंद, ‘अ‍ॅडजस्ट करा’. लेकीची पत्रिका जुळेना, तेव्हा भटजींनाही तेच सांगितलं.

आज गावदेवीची पालखी आली, तर गेटात भाऊंचीच गाडी आडवी. चावी घेऊन मुलगा तळोज्याला कामावर गेलेला.

“मागच्या गेटनं न्या, जरा अ‍ॅडजस्ट करा,” भाऊ म्हणाले.

“देवी मागच्या दारानं येत नाय,” पालखीचे मानकरी जयदेव भगत म्हणाले. “तुमचं घर सोडून जाऊ.”

ओटी घेऊन उभी असलेली भाऊंची आई, गोजराआजी, कडाडली, “गोट्या, गाडी उचल, नायतर उद्या मला उचलशील!”

दहाजणांनी गाडी उचलून बाजूला ठेवली. अकरावे भाऊ होते. देवी दारात आली, तेव्हा ते कंबर धरून वाकलेलेच होते; नमस्कार आपोआप झाला.