आधी पोच, मग निरोप

आत्या लिफ्टमधल्या फोनचं काम करते. लाल बटण दाबलं की कंट्रोल रूममध्ये वाजतो, तो फोन. तो इंटरनेटवर चालतो आणि यंत्रांनी आपसात काय बोलायचं, ते आत्याने लिहून दिलंय. एक यंत्र बोलावतं, दुसरं ‘उचलला’ म्हणतं, पहिलं ‘कळलं’ अशी पोच देतं आणि शेवटी कुणीतरी ‘ठेवतो’ म्हणतं. हे निरोप सुटे सुटे निघतात, वाटेत मागेपुढे होतात. आत्याला मागेपुढे झालेलं खपत नाही. भाजी आधी चिरून मग धुतली, तर ती बोलत नाही, नुसतं बघते. स्वतःच्या लग्नाचा विषयसुद्धा तिने ‘आधी बाबांचा दमा आटोक्यात येऊ दे’ म्हणून इतकी वर्षं बाजूला ठेवलाय. फोनलाही तिने तसाच नियम घातला: पोच आल्याशिवाय ‘ठेवतो’ ऐकायचंच नाही.

त्या सकाळी ती आजोबांना, म्हणजे तिच्या बाबांना, केस कापायला खाली नेत होती. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. दिवा राहिला, पंखा गेला. मोबाइलला रेंज नव्हती. आत्याने लाल बटण दाबलं. टूं टूं टूं. लाइन बिझी.

“कोणाशी बोलतोय हा?” आजोबांनी विचारलं.

आत्याने पुन्हा दाबलं, मग बटणावरचं बोट तसंच राहिलं. रोज पहाटे कंट्रोल रूममधून चाचणीचा कॉल येतो. फोन उचलतो, तिकडून पोच निघते आणि तिच्या पाठोपाठ ‘ठेवतो’. आज पोच वाटेत रेंगाळली असणार. ‘ठेवतो’ आधी पोचला, फोनने तो नियमाप्रमाणे टाकून दिला. मग पोच आली आणि बोलणं सुरू झालं असं त्याने धरलं. तिकडचा केव्हाच निघून गेला होता.

“कोणाशीच नाही,” ती म्हणाली.

“मग ठेवत का नाही मेला?”

“मी सांगितलंय म्हणून.”

“कंटाळून ठेवेल थोड्या वेळाने.”

“नाही ठेवणार. आतला माणूस बेशुद्ध पडला तर? म्हणून कोणी बोललं नाही तरी तोडायचं नाही, असंही मीच लिहिलंय.”

“शाब्बास! पळवाट ठेवलीच नाहीस,” आजोबा हसले, आणि हसता हसता खोकला सुरू झाला.

“पंप?”

“टेबलावर. म्हटलं, केस कापायला काय लागतो पंप.”

तिने दारावर थापा मारल्या, हाका मारल्या. जिन्यात कुणी नव्हतं. आजोबा भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले. त्यांच्या छातीत शिट्टी वाजू लागली.

आत्याने घराची किल्ली काढली आणि फोनच्या पत्र्याचे स्क्रू तिच्या कडेने फिरवायला लागली. शेवटचा हलेना. तिने पत्रा वाकवला, बोट कापलं, आत हात घालून बॅटरीची वायर उपटली. मग मेन वायर. फोन मेला. दोन्ही परत जोडल्या.

“बाबा, बोलू नका.”

“मी कुठे... छाती बोलतेय.”

हिरवा ठिपका बराच वेळ लुकलुकला आणि स्थिर झाला. तिने बटण दाबलं. वाजला. पलीकडून झोपाळू आवाज आला, “बोला.”

तिने पत्ता सांगितला, दम्याचं सांगितलं. मेकॅनिकच्या आधी वॉचमन पोचला. त्याने दार सळईने हातभर फाकवलं. त्या फटीतून किल्ली बाहेर गेली आणि पंप आत आला. आजोबांनी दोनदा ओढला. तिसऱ्यांदा त्यांचे खांदे खाली आले.

मेकॅनिकने दोघांना वरच्या मजल्यावर काढलं, तेव्हा आत्याने तिथूनच साहेबांना फोन लावला.

“सोमवारी बघू ना,” साहेब म्हणाले.

“पहाटेची चाचणी सगळ्या लिफ्टना होते, साहेब. आत्ता किती फोन असे अडकलेत, आपल्याला माहीत नाही. सगळे बंद करून सुरू करायला हवेत. चूक माझी आहे. मी येतेय.”

फोन ठेवून तिने आजोबांकडे पाहिलं. त्यांचे ओठ अजून निळसर होते. हात तिच्या कोपरावर होता.

“जा,” ते म्हणाले. हात काढला नाही.

“वर पोचवून जाते.”

“एखाद्या लिफ्टमध्ये कुणी अडकलं असेल तर? वॉचमन आहे ना माझ्याबरोबर. जा म्हटलं ना!”

तिने ती बोटं एकेक करून सोडवली, वॉचमनच्या दंडावर ठेवली आणि जिना उतरू लागली. दोन मजले खाली जाईपर्यंत तिला आजोबांच्या छातीतली घरघर ऐकू येत होती. मग रस्त्याचा आवाज आला.