गच्चीवर सुकवलेली चिलापी

मला एक सांगा, भरवसा कुणावर ठेवावा? ओळखीच्यावर का परक्यावर? सेलूच्या बाजारात कापूस घेण्यात माझा जन्म गेला. शाळा जेमतेम, पण ढिगात हात घातला की ओल किती ते सांगतो. एवढा जाणता माणूस एकदा मासे करायला गेला. आता काय काय झालं ते ऐका.

आमची सून कोकणातली. लग्न होऊन दोन-तीन महिने झाले, तरी पोर जेवणात रमेना. आमच्याकडे मटण सणावारी, मासा कधीच नाही. एके दिवशी ती आईशी फोनवर बोलत होती. "हो गं आई, मिळतात इथं मासे. कालच खाल्ले." फोन ठेवला आणि डोळे पुसत आत गेली.

माझ्या घरात पोरीला असं खोटं बोलावं लागावं? ते मला लागलं.

"आज संध्याकाळी मासे. मी करणार," मी जाहीर केलं. मोबाइलवर पाहून ठेवलं होतं. चिलापी मासळी घ्यावी, स्वस्त पडते. चिंच, लसूण, तिखट. अर्ध्या तासात कालवण.

"चहा ठेवला तर उतू घालवता, अन् मासे करायलेत," आमची मंडळी म्हणाली.

बाजारात धरणाचे मासे घेऊन एक मावशी बसली होती. तांब्यानं माशांवर पाणी मारत होती. झालं. कापसावर पाणी मारून वजन वाढवणारे मी लय बघितलेत.

"मावशी, पाण्याचेबी पैसे घेतीस का?"

"दादा, मासा हाय तो, कापूस न्हाई. वाळला तर वास मारंल."

"ओल कापून भाव लाव."

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कुणासाठी न्यायलेत?"

"सुनेसाठी. कोकणातली हाय."

"मग भावाचं ऱ्हाऊ द्या. ही एक तिला माझ्याकडून." चार चिलाप्या साफ करून दिल्या आणि पाचवी वेगळ्या पिशवीत टाकली.

घरी आलो. विकतच्या चारही चिलाप्या गच्चीवर फडक्यावर पसरल्या, ओला कापूस पसरतो तशा. निथळल्या की पुन्हा तोलायच्या आणि मावशीची लबाडी पकडायची. पाचवी स्वयंपाकघरात झाकून ठेवली. फुकटच्या मालाची ओल कोण बघतो? राखणीला गोदामातली आमची मांजर वर होतीच. इमानी जनावर. इतक्या वर्षांत कशाला तोंड लावलं नाही तिनं.

वजनकाटा घेऊन वर गेलो. फडकं जागेवर होतं. मांजरही जागेवर होती, पंजा चाटत. तिच्यापुढं आजवर मासा आलाच नव्हता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

मी काटा मांडीवर घेऊन खाली बसलो. पोरीला काय तोंड दाखवू? तेवढ्यात तीच वर आली. तिनं फडकं पाहिलं, मांजर पाहिली, काटा पाहिला.

"बाबा, मासे उन्हात कशाला ठेवले?"

"ओल कापायला."

ती पायरीवर बसली आणि पोट धरून हसली. तिचं हसणं आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

मग खाली जाऊन तिनं त्या उरलेल्या एका चिलापीचं कालवण केलं. मला चिंच कोळायला बसवलं. मासा सगळा तिच्या ताटात वाढला, आम्ही रस्सा खाल्ला. तिनं दुसरी भाकरी मागून घेतली, तेव्हा आमच्या मंडळीनं न मागता माझ्या वाटीत रस्सा वाढला. हे आमच्याकडं क्वचित घडतं.

जेवण झाल्यावर पोरीनं आईला फोन लावला. "आई, आज बाबांनी मासे केले. खूप छान झालेले."

या वेळी मासे खरे होते, पण करणारा खोटा.

तेव्हा हा किस्सा पुढं कुणाला सांगाल, तर हिशोब तेवढा इमानानं ठेवा. मासा मावशीचा, कालवण सुनेचं. माझ्या नावावर मांजर मांडा.