आयरीनची मध्यस्थी

मुंबईतल्या मरोळ गावठाणातली आयरीन नर्स होऊन गडचिरोलीकडच्या एका छोट्या दवाखान्यात गेली आणि तिथेच तिचे केस पिकले. पोलिसाची जखम बांधताना ती जशी खडसावायची, तशीच जंगलातून आलेल्या बंडखोरालाही. म्हणून इतक्या वर्षांच्या लढाईनंतर बोलणी करायची वेळ आली, तेव्हा दोन्ही बाजूंनी तिचंच नाव पुढे केलं.

"आधी बंदुका ठेवा," सरकारी माणसं म्हणायची.

"आधी आमची माणसं सोडा," जंगलातून निरोप यायचा.

ती हेलपाटे घालत राहिली. शेवटी बंडखोरांचा म्होरक्या भीमराज तिच्या भरवशावर हत्यार न घेता बोलायला निघाला. वाटेतच गोळी लागून पडला. कुणी झाडली, ते कळलंच नाही. दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवत राहिल्या. बोलणी मोडली. आयरीन मरोळला परतली आणि पुन्हा तिकडचं नाव काढेना.

यंदा दिवाळीनंतर दारात एक बाई उभी राहिली. भीमराजची बायको, मैनी. नुकतीच शरण आलेली. सोबत साध्या साडीतली पोलीसबाई. भाचेसून टिनाने चहा दिला. मैनीने कपाला हात लावला नाही.

"बाई, माझा भाऊ आणि आणखी पोरं अजून आत आहेत. मी बोलावलं तर येतील. कुणी हात लावणार नाही, असा पोलिसांचा शब्द मिळालाय. खरा मानू का?"

हो म्हणावं, तर भीमराज आयरीनच्या डोळ्यांपुढे येत होता. नाही म्हणावं, तर ती पोरं जंगलातच मरणार.

"शब्द मी देणार नाही गं," ती म्हणाली. "पण ती बाहेर येतील तेव्हा मी त्यांच्या पुढून चालेन."

"आंटी, तुला जिना उतरवत नाही!" टिना ओरडली.

तरी आयरीन गेली. काठी टेकत जंगलाच्या कडेपर्यंत पोचली, पोरांना मागे घेऊन सडकेवर आली. एकही गोळी सुटली नाही. पण मैनीचा भाऊ त्यांच्यात नव्हता. "दाजींसारखं मरायचं नाही मला," म्हणत तो अर्ध्या वाटेतून मागे फिरला होता.

पुढे एका चकमकीत तो गेल्याचं टीव्हीवर आलं. आयरीनने मैनीला फोन लावला. पलीकडून नुसतं रडणं ऐकू येत होतं. मैनीने फोन ठेवेपर्यंत ती तशीच ऐकत बसून राहिली.