फळीचा आवाज

इथले अनुभव मी वाचत नाही, ऐकते — मोबाईल वाचून दाखवतो. बऱ्याचदा मध्येच बंद करते. भुताखेतांवर, पूर्वसूचनांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय आता राहवत नाही...

मी धारवाडला मळमड्डीत राहते. तिशीच्या आतच दोन्ही डोळे गेले. हुबळीत एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर आहे; पांढरी काठी घेऊन रोज बसने एकटी जाते-येते. हे एकटीने जाणं मला श्रीपादने शिकवलं. तो जन्मापासून आंधळा, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. हुबळीच्या दाजीबानपेठेत एका दुकानात हार्मोनियम दुरुस्त करायचा. बसमध्ये ओळख झाली आणि पहिल्याच आठवड्यात त्याने मला ‘अक्का’ करून टाकलं. रस्ता कानाने कसा ओळखायचा, गर्दीत काठी कशी आखूड धरायची, सगळं त्याचंच.

त्याच्या काठीचं टोक झिजलं होतं, म्हणून त्याने पितळी टोपण बसवून घेतलं होतं. इतरांच्या काठ्या टक-टक वाजतात, त्याची ‘टिन्’ वाजायची. तसा आवाज मी दुसरीकडे कुठे ऐकलेला नाही.

गेल्या वर्षी, उन्हाळ्यात, एके दुपारी ब्लाउजपीस घ्यायला मी दाजीबानपेठेत गेले. कापडदुकानांच्या गल्लीत शिरले तर पुढे दहा-बारा पावलांवर ‘टिन्... टिन्...’ मी हाक मारली, “श्रीपाद, थांब रे.” काठी थांबली नाही. मग तिचा आवाज बदलला — लाकडावर पडल्यासारखा. लगेच फळी उलटून आपटल्याचा आवाज, “अक्का—” अशी हाक, आणि खाली काहीतरी जड पडलं.

मी ओरडले. तशीच पुढे गेले तर माझ्या काठीखाली जमीनच नव्हती. कुणीतरी दंड धरून मला मागे ओढलं. ते समोरच्या दुकानाचे मालक होते. गटारासाठी खोल खड्डा खणलाय म्हणाले. मी सांगितलं, आत माणूस पडलाय, आधी त्याला काढा. ते वाकून बघून आले.

“यारू इल्ल री, अक्का. खड्ड्यात कोणी नाही.”

“मग फळी कसली पडली?”

“इथे फळीच नाही,” ते म्हणाले. ते मघापासून पायरीवरच बसले होते. माझ्यापुढे कोणी चाललंच नव्हतं.

मी तिथूनच श्रीपादला फोन लावला. तो धारवाडात घरी होता, दोन दिवस ताप होता म्हणून झोपून. मी एवढंच सांगितलं, की तुझ्या दुकानाच्या गल्लीत मोठा खड्डा खणलाय, बरा होऊन येशील तेव्हा सांभाळ. बाकीचं सांगितलं नाही. लोकांना वाटतं, डोळे गेले की सहावं इंद्रिय येतं — आम्ही दोघं यावर किती हसायचो! तो मलाही हसला असता. हसला तरी सांगायला हवं होतं...

“बरं झालं सांगितलंस अक्का,” तो म्हणाला, “आता काठीला विचारून पाऊल टाकतो.”

नवव्या दिवशी तो कामावर गेला. दुपारी त्याच्या बायकोचा, रेखाचा फोन आला. श्रीपाद खड्ड्यात पडला होता. डोकं दगडावर आपटलं. दवाखान्यात नेईपर्यंत गेला.

दिवसकार्य झालं त्या दिवशी ते दुकानदार श्रीपादच्या घरी आले. मला ओळखून शेजारी बसले. मग हळूच म्हणाले, “त्या दिवशी तुम्ही घाबरलात ना बाई, आमच्या मनाला लागलं. कुणी आंधळं माणूस पडायला नको म्हणून मीच दुसऱ्या दिवशी दोन फळ्या आणून टाकल्या.”

श्रीपाद खड्ड्यापाशी आला होता. काठीने फळी ठोकून बघितली, लाकूड लागलं, खड्डा झाकलाय असं समजून त्याने पाय ठेवला. फळी एका बाजूने कलली. पडताना त्याने ‘अक्का’ म्हणून हाक मारली, हेही त्यांनीच सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

माझा हात धरून ते रडले. त्यांची काय चूक? चांगल्या मनाने केलं त्यांनी. पण मी ओरडले नसते तर ती फळी तिथे आलीच नसती. आणि फोनवर ‘फळीवर पाय ठेवू नकोस’ एवढे चार शब्द बोलले असते तर...

जे नऊ दिवसांनी व्हायचं होतं ते मला आधी का ऐकू आलं? त्याला वाचवायला, की माझ्याच हातून घडवायला? डॉक्टर म्हणाले, उन्हाने भास झाला असेल. असेल. मग ती फळी?

मागच्या महिन्यात रेखाने विचारलं, “अक्का, तुम्ही त्यांना फोनवर नेमकं काय सांगितलं होतं?”

मी म्हटलं, “सांभाळ, एवढंच.”

ते खरंच आहे. तिने पुढे काही विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.