पंधरा गावांचा एक जिना

"कोकणात जाऊन फ्लॅट?"

गेल्या तीन महिन्यांत हा प्रश्न मला ऑफिसातल्या शिपायापासून सख्ख्या मेव्हण्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. कोकणात माणूस जातो तो कौलारू घर, विहीर, माडाची चार झाडं असल्या स्वप्नापायी. आणि हा शहाणा तेहतीस वर्षं डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर काढून निवृत्तीनंतर कुडाळात दुसऱ्या मजल्यावर राहायला निघालाय. मेधा, म्हणजे आमची सौ., ती तर मूळची नाशिकची. तिने एकदाच काय ते सांगून टाकलं, "दाटीच हवी असेल तर इथली काय वाईट आहे? इथे निदान दूधवाला ओळखीचा आहे."

तिचं बरोबर होतं. पण कोकणात आमचं घर नाही, ही गोष्टही खरी होती. मालवणजवळच्या एका गावातून आजोबा निघाले तेव्हा वाटणीची जागा धाकट्या भावाला देऊन आले, आणि तो विषय तिथेच संपला. आता जमीन घेऊन विहीर खणायचं माझं वय नाही आणि माझे गुडघे तर ते ऐकूनही घेणार नाहीत. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर एका नव्या इमारतीत एक ब्लॉक शिल्लक आहे, असं कळलं होतं. सोमवारी सकाळपर्यंत हो-नाही कळवायचं होतं, दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. मेधाने अट घातली, "मी येते, बघते. पण मी नाही म्हटलं तर नाही." मी कबूल केलं. म्हणजे या सहलीत पणाला काय लागलं होतं, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

जानेवारी २०१०. सव्वीस जानेवारीची सुट्टी मंगळवारी आली होती, तिला शुक्रवार आणि सोमवारच्या रजा जोडल्या आणि सकाळची मडगावची गाडी ठाण्याला पकडली. जाणाऱ्यांनी दिवसाचीच गाडी घ्यावी. आरक्षण मात्र खुलं होईल त्याच दिवशी करा, नाहीतर चिपळूणपर्यंत उभं राहाल. खिडकी डाव्या बाजूची मिळाली तर सह्याद्री, उजवी मिळाली तर खाड्या. गाडीतली ऑम्लेट-पाव आणि कटलेटं खात राहिलं की रत्नागिरी कधी येते कळत नाही. रत्नागिरीनंतर मेधा खिडकीला चिकटली ती कुडाळपर्यंत बोललीच नाही. मला ते शुभ वाटलं.

रिक्षावाल्याने बॅगा ठेवता ठेवता विचारलं, "खंयसून इलास?"

"डोंबिवली."

"ता रवूचा झाला. गाव खंयचा?"

म्हणजे डोंबिवली ही नुसती राहायची जागा, गाव नव्हे. मी आजोबांच्या गावाचं नाव सांगितलं. त्याने लगेच विचारलं, "कोणाच्या वाडीतले?" आता वाडी मला कुठून माहीत असणार. मी खोकलो आणि रस्त्याकडे बघू लागलो. मेधा गालात हसली.

दहा-बारा वर्षांपूर्वी रेल्वे आली तेव्हा या स्टेशन रोडला दोन्ही बाजूंना काजूच्या बागा होत्या म्हणे. आता चार मजली इमारती, खाली औषधाचं दुकान, झेरॉक्स, हार्डवेअर, आणि प्रत्येक फलकावर "स्टेशनपासून पाच मिनिटे". लॉजवर बॅगा टाकून मुद्दाम स्टेशनपासून चालत गेलो, तर आमच्या इमारतीला पाच नाही, दहा मिनिटं लागली. जाहिरातीतली मिनिटं बहुधा पळणाऱ्याची असतात.

जिन्याच्या तोंडाशी एक पाटी होती. अशी पाटी मी मुंबईकडे कुठे पाहिलेली नाही. ब्लॉकचा नंबर, आडनाव आणि पुढे गाव. परब, पोईप. सावंत, ओरोस. कोणी कट्ट्याचे, कोणी आचऱ्याचे, कोणी बांद्याचे. मुलांच्या शाळा, दवाखाना आणि स्टेशन यांच्यासाठी पंधरा गावांतून पंधरा घरं उठून एका जिन्यावर आली होती. सोळावी ओळ कोरी होती. ती आमची. म्हणजे, झाली तर आमची.

ब्लॉक चांगला होता. हवा, उजेड, स्वयंपाकघराच्या गॅलरीतून रुळांची वळणदार रेघ. पण नळ सोडला तर नुसती हवा. "पंप जळलो," बिल्डरचा माणूस म्हणाला. "तिसरो." मेधाने माझ्याकडे असं पाहिलं, की मी गुपचूप पंप बघायला खाली उतरलो. आयुष्य मोटार वाइंडिंगच्या कारखान्यात गेलं, तेवढं तरी मला कळतं.

खाली पंपघरापाशी आठ-दहा जण जमले होते. मध्यभागी प्लास्टिकच्या खुर्चीत एक सत्तरीचे गृहस्थ, मांडीवर टोपी. हे तात्या. ही सगळी जमीन त्यांची होती. बिल्डरला दिली आणि मोबदल्यात तळमजल्याचा ब्लॉक घेऊन त्यात राहायला आले; ते इथलेच, म्हणून पाटीवरच्या पंधरांत नाहीत. त्यांच्यापुढे उभे होते निवृत्त शिक्षक परब मास्तर.

वाद राखणीचा होता. नाशिककरांसाठी सांगतो, कोकणात प्रत्येक जागेला एक राखणदार असतो. वर्षातून एकदा त्याला कोंबडा आणि नारळ द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे त्याच्याशी मोठ्याने बोलायचं, की बाबा रे सांभाळ. बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. घराचा मालक गाऱ्हाणं घालतो किंवा त्याच्या वतीने जाणता माणूस. इमारत झाल्यापासून दोन वर्षं राखण दिलीच गेली नव्हती, कारण मालक कोण हेच ठरत नव्हतं. त्यामुळेच पंप जळतात असं बऱ्याच जणांचं मत पडलं, म्हणून यंदा रविवारी द्यायची ठरली, पण गाऱ्हाणं घालायला तात्या तयार होत नव्हते.

"जमीन इकलंय मी," ते म्हणाले. "इकलेल्या जमनीर उबो रवान खंयच्या तोंडान गाऱ्हाणा घालू?"

"तात्यानु, राखणदार तुमकाच वळाकता," मास्तर म्हणाले. "आमका पंधरा जणांका कोण वळाकता?"

तात्या उठले आणि आत गेले. मी पंपाचं झाकण काढून पाहिलं आणि न राहवून बोललो, "मास्तर, याला सिंगल फेज प्रिव्हेंटर नाही. एक फेज गेली की मोटार जळणारच. राखणदाराचा यात काही दोष नाही."

मास्तरांनी शांतपणे मान हलवली. "तां पण बसवया. राखण पण देवया."

मी पंपाचं झाकण परत बसवलं.

शनिवारी मालवणला गेलो. एसटी स्टँडवरून सकाळची गाडी, चौके गावावरून तासाभरात, वीस-बावीस रुपये. मासळी बाजारात जायचं असेल तर लवकर जा, उशिरा गेलात तर उरलेसुरले बांगडे आणि मांजरं. एका कोळणीने मेधाला टोपलीपुढे धरूनच ठेवलं. "बघतस काय गो, हात लावून बघ." मग माझ्याकडे वळून तोच प्रश्न, "गाव खंयचा?" मी रिक्षावाल्याचा धडा घेतला होता, गाव सांगून पटकन सुरमईचा भाव विचारला. मेधा म्हणाली, "पळालात." दुपारी बंदरामागच्या एका खाणावळीत बांगड्याचं तिकलं, म्हणजे तिखट कालवण, भात आणि दोन वाट्या सोलकढी. ताट साठ रुपये, सुरमईचं दुप्पट. तिकल्यातल्या तिरफळाचा वास दुसऱ्या दिवशीपर्यंत हाताला होता आणि मी हात धुवायला मुळीच उत्सुक नव्हतो. येताना खाजा घेतला, गुळाचा. पिशवी कुडाळपर्यंत पोचली, खाजा अर्धाच पोचला.

परत येताना मी विचारलं, "मग?"

"पाणी नाही, ओळख नाही," मेधा म्हणाली. "तुम्हाला तुमचं गाव विचारलं तर तुम्हाला खोकला येतो. मला कोण विचारणार?"

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. सोमवारी नाहीच म्हणायचं, असं मी मनाशी जवळजवळ ठरवून टाकलं.

संध्याकाळी मोटार दुरुस्त होऊन आली होती. मी बाजारातून प्रिव्हेंटर आणून, इमारतीतल्या एका वायरमनच्या मदतीने बसवत होतो. उगाच. ब्लॉक घ्यायचा नव्हता, पण मोटार पुन्हा जळणार हे कळत असताना मला झोप येत नाही. मेधा तात्यांच्या शेजारी पायरीवर बसली होती. तात्या तिला कुठे काय होतं ते सांगत होते. इथे गोठा, तिथे खळं, पंपघर आहे तिथे फणस.

"तुमी काल जा किचन बघितलात मां बाय, तेच्या उंचीर फणसाचो शेंडो होतो," ते म्हणाले. "वरचे फणस काढूक मी थंयपर्यंत चडलंय."

मेधाने वर गॅलरीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "तात्या, तुम्ही म्हणता विकली म्हणून तुमचा अधिकार गेला. मग आमच्यासारख्यांनी इथे कुणाला विचारून राहायचं?"

माझ्या हातातला पाना थांबला.  तात्या टोपी मांडीवर उलटी करत राहिले. शेवटी म्हणाले, "ह्यां माका कोणी इचारूकच नाय. पैसे इचारल्यानी, सातबारो इचारल्यानी. ह्यां नाय."

आत जाता जाता त्यांनी मास्तरांच्या दाराशी उद्याच्या कोंबड्यासाठी हाक मारली. "मास्तर, फाल्या कोंबो बरो बघून हाडा."

रविवारी दुपारी इमारतीच्या मागच्या कोपऱ्यात, कंपाउंडची भिंत आणि पंपघर यांच्यामध्ये सगळे पुरुष जमले. बिल्डरने एवढी मेहेरबानी केली होती, की राखणदाराचा दगड हलवला नव्हता. भिंतच त्याच्याभोवती जराशी वाकडी काढली होती. तीन चुली पेटल्या होत्या. सागोती, म्हणजे कोंबड्याचा रस्सा, शिजत होती, वर तीन-चार घरांत वडे तळले जात होते आणि तो वास जिन्याने खाली येत होता. राखणीचं जेवण तिथेच बसून संपवायचं, घरात न्यायचं नाही, अशी रीत. बायका गॅलऱ्यांत उभ्या होत्या. मेधा दिसेना. बिल्डरच्या माणसाकडून किल्ली घेऊन वर गेली, असं कोणीतरी म्हणालं.

तात्यांनी नारळ हातात घेतला. आवाज आधी जरा फाटला, मग ठीक झाला.

"बा राखणदारा म्हाराजा, हे जमनीत पयला एकच घर होता, माझा. आता पंधरा झाली."

"व्हय म्हाराजा."

"पंधरा गावांची माणसा तुझ्या पायाकडे इली. तेंचे देव तेंच्या गावात ऱ्हवले. हय तेंका तूच."

"व्हय म्हाराजा."

"मी जमीन इकलंय. तुका इचारूक नाय. ती चूक पोटात घाल."

या वेळी "व्हय म्हाराजा" जरा उशिरा आलं. मास्तर चष्मा पुसत होते. तात्या एकेक नाव आणि गाव घेत गेले. पोईपचे, ओरोसचे, कट्ट्याचे, सगळे पंधरा, पाटी न बघता. माणसं हो म्हणत गेली. मला वाटलं संपलं. पण त्यांनी नारळ खाली ठेवला नाही.

"आणि दुसऱ्या माळ्यार ब्लॉक रिकामो आसा. तेच्यात जो कोण रवूक येतलो, तो आजून येवक नाय तरी तुझोच समज. तेका सांभाळून घे रे म्हाराजा."

असं कुणी कधी घातलं नसावं, कारण सगळे एकमेकांकडे बघत राहिले. त्या शांततेत वरून, अगदी माझ्या डोक्यावरून, नाशिकच्या स्पष्ट उच्चारात आवाज आला.

"व्हय महाराजा."

मेधा स्वयंपाकघराच्या गॅलरीत, दोन्ही हात कठड्यावर ठेवून उभी होती. मग खालून पंधरा घरांचे आवाज एकदम आले, आणि मी खाली मान घातली, कारण माझे डोळे भरले होते आणि चुलीच्या धुराला दोष देण्याइतका मी चुलीजवळ नव्हतो. मी देवभोळा माणूस नाही. पण तेव्हा मला फार, फार बरं वाटलं. ज्याच्याकडे आपलं काही मागणं नव्हतं, अशा माणसाने आपलं नाव माहीत नसताना आपल्यासाठी मागितलं होतं.

सोमवारी सकाळी दहाला आम्ही सही केली. पंप चालू होता. श्रेय कोणाचं, यावर मास्तरांनी आणि मी वाद घालायचं टाळलं. रिक्षा स्टेशनवर निघाली तेव्हा मास्तरांच्या सौ., परब मॅडम, यांनी बाजूने एक डबा आत सरकवला. "वडे आसत. हे घरासाठी येगळे काडून ठेवलंय."

डोंबिवलीत परतलो. आमच्या मजल्यावर चार दारं आहेत, त्यातल्या दोघांची गावं मला तोवर माहीत नव्हती. मेधाने ते वडे दोघांकडे नेऊन दिले आणि विचारून आली. एक जण जळगावजवळचे, दुसरे उडुपीचे. इतकी वर्षं जिन्यात भेटत होतो, नुसतं हसून पुढे जात होतो. या शहराने मला नोकरी दिली, घर दिलं, मी त्याला नावं ठेवणार नाही. विचारायचं राहिलं ते आमच्याकडूनच.

परवा तात्यांचा फोन आला. रंगारी पाटी रंगवायला आला होता.

"सोळावा नाव घालतव," ते म्हणाले. "फुडे गाव खंयचा घालू?"

मला परत खोकला आला. आजोबांचं गाव सांगावं, तर तिथे आम्हाला कुत्रंही ओळखत नाही. डोंबिवली सांगावं, तर ता रवूचा झाला. मेधाने माझ्या हातातून फोन घेतला.

"तात्या, तुम्ही आत्ता कुठे उभे आहात?"

"हय, जिन्याकडे."

"मग तेच घाला."

 मग तात्यांनी फोन तोंडापासून लांब न धरता, रंगाऱ्याला एवढ्या मोठ्याने सांगितलं, की मलाही सगळं ऐकू आलं.

"लिव रे. गाव, हयचाच."